तिसरं ‘नको’

खाण्याच्या बाबतीत मी बेशरम आहे, हे आधीच सांगून टाकते. लग्नाला गेले की लोक नवरीकडे बघतात, मी बुफेच्या टोकाला काय ठेवलंय ते बघून येते. ऑफिसात कुणी डबा काढला की झाकण उघडायच्या आधी मला आतलं कळतं. माहेर वर्ध्याचं, आमचे हे इथल्या मोठ्या कारखान्यात, मी राज्य सरकारच्या एका कचेरीत, घर अयोध्या नगरात. भोपाळला येऊन बत्तीस वर्षं झाली. या शहरानं काय दिलं असं कुणी विचारलं तर मी सकाळच्या पोहे-जिलबीपासून सुरुवात करीन, जुन्या शहरातल्या चिमूटभर मीठ घातलेल्या चहापर्यंत येईन, आणि ऐकणारा कंटाळून उठून जाईल.

दर शनिवारी आम्ही दोघं बाहेर जेवायचो. मुलगी बंगलोरला गेल्यापासूनचा हा नेम. कधी बिर्याणी, कधी एखाद्या ढाब्यावरची दाल आणि तंदुरी रोटी, कधी थंडीत नुसता तळलेला गराडू नावाचा कंद आणि वर लिंबू. घरी आल्यावर एक थंड बिअर दोघांत. अर्धी ह्यांना, अर्धी मला, म्हणजे अर्ध्याहून थोडी जास्त मला. रविवारी सकाळी मी माझ्या हातचं काहीतरी निगुतीनं करायचे आणि दोघं गुपचूप खायचो. सुखाची माझी कल्पना एवढीच होती, आणि ती पुरी होत होती.

माझ्या घरात एक नियम होता. आग्रह नाही. हा नियम मी लग्नाच्या आठवड्यातच केला. वर्ध्याला माझी केळवणं झाली, तीन दिवसांत पाच घरं. प्रत्येक घरी पुरणपोळी, प्रत्येक घरी शपथ. ‘आमच्या घरची एक तरी खा, नाहीतर आम्ही समजू की तुला आम्ही परके.’ पाचव्या घरी मावशीनं माझा हात धरून पानात सहावी पोळी टाकली. लग्नाच्या दिवशी मी मंडपात कमी आणि मागच्या बाजूला जास्त होते. सप्तपदी कशीबशी चालले. तेव्हाच ठरवलं की माझ्या घरी माणसाला एकदा विचारायचं. हो म्हणाला तर वाढायचं, नको म्हणाला तर भांडं उचलायचं. चांगल्या जेवणाचा याहून मोठा मान नाही असं मला वाटायचं. लोकांना सांगायचेसुद्धा, जरा मिरवून.

आईचं घर याच्या बरोबर उलट. तिचा आग्रह आख्ख्या आळीत प्रसिद्ध. पाहुण्यानं पानावर हात आडवा धरला तर ती बोटांच्या फटीतून वाढायची. पाहुणेसुद्धा तयारीचे असत. पहिलं ‘नको’ रीत म्हणून, दुसरं लाज म्हणून, आणि तिसरं आलं तर ते खरं. वाढणाऱ्याला हे माहीत, खाणाऱ्याला माहीत. मला मात्र त्या सगळ्याची चीड होती. किती हा वेळेचा आणि तुपाचा नास, असं म्हणायचे.

तर गेल्या वर्षी दिवाळीनंतर आई माझ्याकडे आली. भाऊ आणि वहिनी मुलाकडे परदेशात गेले, सहा महिन्यांसाठी म्हणून. ते सहा महिने अजून चालू आहेत. आई ब्याऐंशी वर्षांची. एक लहान बॅग, औषधांचा डबा आणि स्वतःची वाटी-चमचा घेऊन आली. मी म्हटलं, ‘आई, इथे वाट्या नाहीत का?’ ती म्हणाली, ‘असू दे गं. आपली आपली बरी.’

मी खूश होते. खरंच. आईला आता भोपाळ खाऊ घालायचं, असा बेत मनात होता. शनिवारचा नेम थोडा बदलला, बिअर फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्यामागे गेली आणि तिथेच राहिली. पण मी म्हटलं, ठीक आहे, आता घरीच चंगळ करू.

पहिल्या रविवारी मी भुट्ट्याचा कीस केला. मक्याची कणसं किसून, दुधात शिजवून, वर खोबरं, कोथिंबीर. आईनं तिच्या वाटीत दोन चमचे घेतले, चवीनं खाल्ले, वाटी पुसून काढली. मी विचारलं, ‘अजून?’ म्हणाली, ‘नको. पुरे झालं.’ मी भांडं उचललं.

असंच चालू राहिलं. सकाळी अर्धी पोळी, दुपारी मी ठेवून गेलेलं मूठभर, रात्री एक फुलका. ‘अजून?’ ‘नको गं.’ मी समजले वय झालंय, भूक कमी झाली असेल. पण संक्रांतीला तिला नवीन बांगड्या घालायला नेलं तर कासारीण म्हणाली, ‘इनका हाथ तो बच्ची जैसा है.’ मी वजन करून घेतलं. आली तेव्हा बेचाळीस होती, आता सदतीस.

डॉक्टर झाले. रक्त, लघवी, सोनोग्राफी, सगळं झालं. काहीच निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, ‘जबरदस्ती मत कीजिए. जो पसंद हो, थोडा थोडा दीजिए.’ मला बरंच वाटलं, कारण जबरदस्ती न करणं हा तर माझा जुना धर्म. मग मी पसंतीच्या मागे लागले. अरेरा कॉलनीतल्या एका हॉटेलातून सूप आणलं, न्यू मार्केटमधून पाकातली मावा-बाटी आणली, ऑफिसातल्या बाईंकडून शिकून मऊ दहीबुंदी केली. नागपूरहून येणाऱ्याकडून संत्र्याची बर्फी मागवली. आई प्रत्येक गोष्टीचं कौतुक करायची. ‘छान झालं व. हात चांगला आहे तुझा.’ आणि दोन चमच्यांनंतर, ‘पुरे.’ उरलेलं वाया कसं घालवायचं, म्हणून मी खायचे. आईच्या अंगावरून उतरलेलं वजन जसंच्या तसं माझ्या अंगावर चढत होतं. ब्लाउज उसवायला टाकताना मला रडू आलं, आणि ते ब्लाउजसाठी नव्हतं.

दमले होते मी. हे लिहिताना बरं दिसत नाही, पण होते. सकाळी पाचला उठायचं, तिचं वेगळं, आमचं वेगळं करायचं, बस पकडायची, दुपारी फोन करायचा, ‘जेवलीस?’ ‘हो हो, जेवले.’ संध्याकाळी येऊन बघावं तर डब्यातलं तीन चतुर्थांश तसंच. शेजारीण येऊन सांगायची की म्हाताऱ्या माणसांचं असं होतं, मन निघून गेलं की अन्न निघून जातं. मी आत जाऊन भांडी आपटायचे. आई मरायला निघाली आहे आणि माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या स्वयंपाकघरात निघाली आहे, असं मला वाटायचं. ज्या बाईला खाण्यातलं सगळं कळतं म्हणतात, तिच्या घरात.

फेब्रुवारीत ह्यांचा वाढदिवस आला. रविवार होता. आईला एकटं ठेवता येत नाही, म्हणून तिलाही घेऊन दाल-बाफल्याच्या एका साध्या हॉटेलात गेलो. लांब टेबलं, स्टीलची ताटं, आणि वाढणारे सारखे फिरत असतात. बाफला म्हणजे कणकेचा गोळा, आधी उकळायचा, मग भाजायचा, मग तुपात बुडवायचा. एक खाल्ला तरी माणूस दुपारभर आडवा. मी आईच्या ताटात अर्धा ठेवायला सांगितला.

आमच्या टेबलाचा वाढपी पन्नाशीचा, मिशीवाला, खांद्यावर पंचा. आईनं अर्धा बाफला दालीत कुस्करून संपवला. तो आला. ‘माताजी, बाफला?’ आईनं ताटावर हात धरला. ‘नहीं नहीं, बस.’

‘अरे, ऐसे कैसे बस. अभी तो आपने शुरू ही किया है.’

‘नको हो, बहुत हो गया,’ आई म्हणाली. पण हसत म्हणाली, आणि हात ताटावरच होता.

मी मध्ये पडले. ‘भैया, उनको मत दीजिए. उनसे नहीं खाया जाता.’

आईनं माझ्याकडे बघितलं. तो वाढपी माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, ‘बेटी को बोलने दो, माताजी. हमारे यहाँ माँ भूखी नहीं जाती.’ आणि त्यानं आईच्या बोटांशेजारून आख्खा बाफला ताटात ठेवला, वर तुपाची वाटी उलटी केली. आईनं हात काढून घेतला. तो पुढे गेला.

आई जेवू लागली. मी माझं जेवण सोडून बघत बसले. तिनं तो आख्खा बाफला खाल्ला. तो कढी घेऊन आला, तिनं दोनदा नाही म्हटलं आणि दोनदा घेतली. लाडू घेऊन आला, तसंच. बोटाला लागलेलं तूप तिनं चाटलं, माझ्या आईनं, चारचौघांत. मग तो तिसऱ्यांदा बाफला घेऊन आला, तेव्हा तिनं ताटावर हात ठेवला नाही. ताट उचलून मांडीकडे ओढून घेतलं आणि म्हणाली, ‘बास, आता खरंच बास.’ मराठीतच म्हणाली. त्याला समजलं, तो निघून गेला.

मलाही तेव्हाच समजलं. हात आडवा धरला म्हणजे वाढ, आणि ताट ओढून घेतलं म्हणजे नको. लहानपणापासून हजार पंगतींत बघितलेलं हे मी विसरले होते. तीन महिने माझी आई माझ्या घरी पाहुणीसारखी हात आडवा धरून बसली होती, आणि मी दर वेळी भांडं उचलून नेलं होतं.

घरी येताना ऑटोत मी विचारलं, ‘आई, घरी का नाही गं जेवत अशी?’

ती बाहेर बघत होती. म्हणाली, ‘तू एकदाच विचारतेस.’

‘अगं पण घ्यायचं ना मग. मागायचं. घर तुझंच आहे.’

‘लेकीच्या घरी मागून खायचं का? आणि जावईबापू समोर बसलेले. काहीही बोलतेस.’

आमचे हे पुढे ड्रायव्हरशेजारी अंग चोरून बसले होते, ते मागे वळले नाहीत. मी ऑटोतच रडले. आईनं पिशवीतून रुमाल काढून दिला आणि म्हणाली, ‘रडून काय करून राहिलीस, माझं पोट भरलं आहे आज.’

मग मी आग्रह करायला शिकले. सत्तावन्नाव्या वर्षी. वाटतं तितकं सोपं नसतं. पहिल्यांदा विचारायचं ते सगळ्यांना येतं. दुसऱ्यांदा विचारताना आवाज तोच ठेवावा लागतो, आणि तिसऱ्यांदा थोडा खाली आणावा लागतो. माझा वर जायचा. ‘आई, घे म्हटलं ना.’ ती ताठ व्हायची. एकदा म्हणाली, ‘आग्रह करतेस का दरडावतेस?’ मला शब्दही सापडायचे नाहीत. आईच्या तोंडी ते कसे सहज असत, ‘अगं एवढीशी तर आहे’, ‘उरली तर कुठे ठेवू मी’, ‘तुझ्या नावाची काढून ठेवली होती’. मी तेच म्हणायला गेले की नाटकात पाठ केलेलं म्हटल्यासारखं वाटायचं. पण ती घ्यायची. आग्रह खोटा असला तरी तिला चालायचा, फक्त तीन वेळा हवा होता.

ह्यांना मात्र छान जमायचं. ‘आई, माझ्यासाठी एक घास,’ एवढंच म्हणायचे, आणि जावयाचा शब्द मोडायचा कसा, म्हणून ती पोळी घ्यायची. पण ह्यांची शिफ्ट दुपारची लागली की रात्रीचं जेवण माझ्या एकटीच्या वाट्याला. मार्चच्या सुरुवातीला वजन एकोणचाळीस झालं. एकदा तर आमटीत मीठ कमी आहे असं ती म्हणाली. मला इतका आनंद झाला की मी ऑफिसात सांगितलं. कुणाला काही कळलं नाही.

आता शेवटचं सांगते. हे सांगावं की नाही याचा मी बराच विचार केला.

मार्चअखेर होती. आमच्या ऑफिसात त्या दिवसांत माणसाला माणूस समजत नाहीत. त्या आठवड्यात मी रोज साडेसातला घरी पोचत होते. गुरुवारी बसमधून उतरले तर कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे लहान, जांभळी, काटेरी देठाची वांगी होती. दमलेली असले की मी झोपत नाही, स्वयंपाक करते, असा माझा उरफाटा स्वभाव. घेतली पाव किलो. घरी येऊन दाणे, तीळ, खोबरं भाजलं, गोडा मसाला, गूळ, चिंच, सगळं वाटून वांगी भरली. आई माझ्याजवळ खुर्ची घेऊन बसली होती. नुसती बघत होती. ज्वारीच्या भाकरी टाकल्या. सात वांगी झाली होती. हे रात्री कँटीनमध्ये जेवून येणार होते.

आम्ही दोघी बसलो. आईनं एक वांगं आणि अर्धी भाकरी खाल्ली. सावकाश खाल्ली, देठसुद्धा चोखून ठेवला. मी विचारलं, ‘अजून एक?’

‘नको,’ ती म्हणाली. हात ताटावर होता.

मला दिसला तो हात. तो आडवा आहे, ताट ओढलेलं नाही, हे मला दिसलं. मला दोनदा आणखी तोंड उघडायचं होतं, बस. एवढीशीच तर आहेत, असं म्हणायचं, मग जरा खालच्या आवाजात, तुझ्यासाठीच केली, असं म्हणायचं. पण गुडघे दुखत होते, डोळ्यांपुढे दिवसभराचे कागद नाचत होते, आणि मला कुणाची मनधरणी करायची नव्हती. मला जेवायचं होतं. कुणी तरी मला विचारावं असंही वाटत होतं, ते वेगळंच.

‘बरं,’ मी म्हटलं.

आईनं थोडा वेळ हात तसाच ठेवला. मग काढला आणि वाटीतलं पाणी प्यायली. मी जेवत राहिले. वांगी सुरेख झाली होती, मसाला आतपर्यंत मुरला होता, रस्सा घट्ट, तेल वर आलेलं. मी चार खाल्ली. मग कढईत दोन उरली होती. एवढ्यासाठी कशाला भांडं बदलायचं, म्हणून उभ्या उभ्या तीही खाल्ली. आई हात धुऊन तिच्या खोलीत गेली होती.

पहिल्या तीन महिन्यांचं मी स्वतःला समजावू शकते. मला माहीत नव्हतं. त्या गुरुवारी मला माहीत होतं.

सकाळी मी चहा ठेवत होते. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. अंघोळ झालेली, केस ओले. ओट्याकडे बघितलं, मग घासून पालथ्या घातलेल्या कढईकडे बघितलं.

‘वांगी चांगली झाली होती गं काल,’ ती म्हणाली. मग जरा थांबून, पदर नीट करत, ‘उरली का?’

पाच महिन्यांत तिनं माझ्या घरात पहिल्यांदा काही मागितलं होतं.

‘नाही आई,’ मी म्हटलं. ‘संपली. मी खाल्ली.’

‘बरं झालं,’ ती म्हणाली. ‘वाया नाही गेली.’ आणि चहासाठी तिची वाटी पुढे केली.